कोच गेले, आता मुलानेही मागे जावं का?

प्रश्न थोडक्यात असा. डॅलसच्या उत्तरेला राहणारं मराठी कुटुंब. मुलगा दहावीत, म्हणजे इथल्या भाषेत सोफमोर. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये वाइड रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, आहे आणि गेल्या हंगामात शेवटच्या चार मॅचना त्याला व्हर्सिटीत, म्हणजे शाळेच्या मुख्य टीममध्ये, घेतलं होतं. डिसेंबरात हेड कोच शाळा सोडून पंचवीस मिनिटांवरच्या दुसऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये गेले. नवे कोच आले ते सगळा खेळ चेंडू घेऊन पळण्यावर ठेवणारे, चेंडू फारसा फेकायचाच नाही म्हणणारे. मुलाचे दोन मित्र जुन्या कोचच्या मागे निघालेत. योगायोग असा, की कोच गेले त्याच शाळेच्या हद्दीत या कुटुंबाचं गुंतवणूक म्हणून घेतलेलं दुसरं घर आहे आणि भाडेकरूचा करार जूनमध्ये संपतोय. वडील विचारतात, "तिकडे राहायला जावं का? मुलगा रोज रात्री हाच विषय काढतो. बायको म्हणते, तुम्हा दोघांना वेड लागलंय."

आधी माझं सांगतो. मी याच भागातल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये गणित शिकवतो आणि फुटबॉल टीमच्या किकर, म्हणजे चेंडूला लाथ मारणाऱ्या, पोरांना बघतो. मूळ कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आणि पेठेतल्या टीममध्ये गोल चेंडूचा फुटबॉल खेळत वाढलो. इथे मास्तर म्हणून आलो तेव्हा दुसऱ्याच महिन्यात हेड कोच वर्गाच्या दारात येऊन म्हणाले, "तुला चेंडूला लाथ मारता येते म्हणे?" त्याला आता सोळा हंगाम झाले. तेवढ्यात चार हेड कोच आले-गेले आणि एकदा गेलेल्या कोचबरोबर मी स्वतःही शाळा बदलली. म्हणजे मागे राहणारा आणि निघून जाणारा, दोन्ही भूमिका करून झाल्यात.

तुमच्या प्रश्नात मला तीन प्रश्न दिसतात आणि ते एकमेकांत अडकलेत. तिकडे गेल्यावर मुलाला व्हर्सिटी खेळू देतील का, हा पहिला. खेळू दिलं तर चेंडू त्याच्याकडे येईल का, हा दुसरा. आणि तो रोज रात्री जे मागतोय ते कोच आहेत, की ते दोन मित्र? तिसऱ्याचं उत्तर मला इथे बसून देता येणार नाही. पहिल्याचं बरंचसं देता येईल, आणि बहुतेक घरं तिथेच फसतात, म्हणून तिथून सुरुवात करतो.

टेक्सासमधल्या पब्लिक शाळांचे खेळ यूआयएल, म्हणजे युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलॅस्टिक लीग, चालवते. १९१० पासूनची संस्था आहे, मूळ वादविवाद स्पर्धांसाठी ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटीने काढलेली. नववी ते बारावीतला मुलगा एका शाळेत खेळून दुसऱ्या शाळेत गेला, की तिथे व्हर्सिटी खेळण्याआधी त्याचा एक फॉर्म भरावा लागतो. नाव प्रीव्हियस ॲथलेटिक पार्टिसिपेशन फॉर्म, आम्ही त्याला नुसतं 'पॅप्फ' म्हणतो. यात आई-वडील लिहितात, नवी शाळा लिहिते आणि जुनी शाळाही लिहिते. जुन्या शाळेच्या कोचला सरळ विचारलेलं असतं की तुमच्या मते हा मुलगा खेळासाठी शाळा बदलतोय का. जुन्या शाळेचे कोच म्हणजे आता कोण? ज्यांच्यावर नाराज होऊन तुम्ही निघालात तेच नवे कोच. त्यांच्या हातात पेन आहे.

तो फॉर्म मग डिस्ट्रिक्ट एक्झिक्युटिव्ह कमिटीकडे जाऊ शकतो. इथे एक घोळ निस्तरतो, कारण नवीन पालक हमखास गोंधळतात. स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे एका भागातल्या शाळा चालवणारी यंत्रणा, वेगळा आणि यूआयएलचा डिस्ट्रिक्ट वेगळा. दुसरा म्हणजे तुमच्या शाळेशी ज्यांच्या लीगच्या मॅच होतात त्या शाळांचा गट. दर दोन वर्षांनी पटसंख्या बघून हे गट नव्याने पाडतात. तर कमिटी या गटातल्या शाळांच्या प्रतिनिधींची असते. सुपरिंटेंडेंट किंवा त्यांनी पाठवलेली माणसं, बऱ्याचदा ॲथलेटिक डायरेक्टर. म्हणजे तुमच्या मुलाला खेळू द्यायचं की नाही यावर मत कोण देणार? ज्यांना ऑक्टोबरमध्ये तुमच्या मुलाविरुद्ध खेळायचंय ते. निकाल पटला नाही तर वर राज्य पातळीच्या कमिटीकडे दाद मागता येते. पण ऑस्टिनपर्यंत जाऊन जिंकून आलेली घरं मी फार पाहिलेली नाहीत.

आता कळीचा मुद्दा. बऱ्याच लोकांना वाटतं, त्या हद्दीत घर आहे, वीजबिल आहे, झालं काम. नाही होत. इथे दोन वेगळ्या चाचण्या आहेत. एक निवासाची: कुटुंब खरोखर तिथे राहायला गेलंय का. दुसरी हेतूची: शाळा खेळासाठी बदलली का. पहिली शंभर टक्के पास झालात तरी दुसरीत नापास होता येतं. आणि हेतू ओळखायला कमिटी काय काय बघते, त्यात कोचशी किंवा शाळेशी नाराजी होती का, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. नव्या शाळेच्या कोचने आधी मुलाला शिकवलंय का, शाळेबाहेरच्या टीममधले सवंगडी त्याच शाळेत आहेत का, कुणी बोलावलं का, हेही बघतात. तुमच्या प्रकरणात नाराजी आहे, कोच ओळखीचे आहेत, आणि एकाच टीममधून तीन पोरं एकाच कोचमागे एकाच शाळेत चाललीत. तीन फॉर्म एकाच टेबलावर एकाच सकाळी येतील. तुमचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी ते चित्र तुमच्या बाजूने बोलत नाही.

निकाल विरुद्ध गेला तर किमान एक पूर्ण वर्ष व्हर्सिटी बंद. ज्युनिअर व्हर्सिटी, म्हणजे दुसरी टीम, खेळता येते, सरावाला जाता येतं, पण शुक्रवार रात्रीची मॅच नाही. आता कॅलेंडर बघा. आज मार्च आहे. आज नाव घातलं, मेमध्ये घातलं की ऑगस्टमध्ये घातलं, कुठूनही एक वर्ष मोजलं तरी येणारा ऑगस्ट-ते-नोव्हेंबर त्यात जातोच. म्हणजे अख्खं अकरावीचं वर्ष. आणि कॉलेजचे कोच ज्या वर्षाची फिल्म आधी उघडतात ते हेच वर्ष. बारावीत खेळून फिल्म तयार होईपर्यंत बऱ्याच ठिकाणी जागा भरलेल्या असतात. म्हणजे चेंडू मिळत नाही म्हणून जायचं, आणि एक वर्ष चेंडूला हातच लागणार नाही असा धोका पत्करायचा.

दुसऱ्या घराबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्या लोकांकडे असं दुसरं घर हमखास असतं आणि मग मनात येतं, कागदोपत्री तिकडे राहू, प्रत्यक्षात इकडे. असं करू नका. काही वर्षांपूर्वी आमच्या गटात एक सुनावणी झाली. मुलगा आमच्याकडे आलेला, म्हणून आमच्या स्टाफमधून मी बसलो होतो. डिस्ट्रिक्ट ऑफिसची लांबट खोली, मधोमध टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर भलताच थंड एसी. वडील सज्जन, फाइल नीट लावून आणलेली. पलीकडच्या शाळेच्या बाईंनी शांतपणे दोन्ही घरांची वीजबिलं मागितली. वडिलांनी दिली, लपवण्यासारखं काही आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. जुन्या घराचं ऑगस्टचं बिल नव्या घराच्या चौपट होतं. बाई म्हणाल्या, "सर, डॅलसच्या ऑगस्टमध्ये एसी जिथे चालतो तिथेच माणसं राहतात ना?" खोलीत कुणी हसलं नाही. मुलगा वडिलांशेजारी टाय लावून बसलेला, तो टेबलाकडे बघत राहिला. मत एका बाजूने पडलं. ते पोर पुढच्या हंगामात शुक्रवारी पाण्याच्या बाटल्या भरत होतं. मधल्या जानेवारीत आमचे हेड कोच, ज्यांच्यासाठी तो आला होता, एका कॉलेजच्या स्टाफवर गेले.

टेक्सासमध्ये राहत्या घरावर होमस्टेड एक्झेम्पशन मिळतं, मालमत्ता कर कमी होतो. ते तुमच्या आत्ताच्या घरावर असणार. 'आम्ही आता तिकडे राहतो' म्हणायचं आणि होमस्टेड इकडे ठेवायचं, हे दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. धाकटी मुलगी इकडच्याच शाळेत राहणार का? गाड्यांची नोंदणी, बँकेचे पत्ते, फर्निचर कुठे आहे? हे सगळं विचारलेलं मी ऐकलंय. निवास सिद्ध करायचा तर बिऱ्हाड खरंच हलवावं लागतं, कुकर आणि देवघरासकट.

यूआयएल या बाबतीत फुसकी आहे असंही समजू नका. इथल्याच डंकनव्हिल हायस्कूलच्या मुलांचं २०२२ चं बास्केटबॉलचं राज्य विजेतेपद अपात्र खेळाडू खेळवल्यावरून काढून घेतलं होतं. खेळ दुसरा असला तरी पात्रतेचं पुस्तक एकच. शिक्षा तुमच्या मुलापुरती राहत नाही, त्याने खेळलेल्या मॅचही जाऊ शकतात. चाळीस पोरांच्या घरी मग तुमचं नाव निघतं.

हे सगळं टेक्सासचं. तुमचा चुलतभाऊ फ्लोरिडात असेल तर तो म्हणेल, काय हे, आमच्याकडे मुलगा शाळा बदलून लगेच खेळतो. बरोबर आहे. तिथे २०१६ च्या कायद्याने दारं उघडली. कॅलिफोर्नियात घर न बदलता शाळा बदलली तर हंगामाचा काही भाग बाहेर बसावं लागतं. राज्य बदललं की नियम बदलतो, त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकाच्या अनुभवावरून ठरवू नका. खासगी शाळा हाही एक रस्ता आहे. बहुतेक खासगी शाळांची संघटना वेगळी, पण त्यांचेही बदलीचे नियम आहेत आणि फी वेगळी.

एक माझीच चूक सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी मंडळाच्या गणपतीत, हातात मोदकाची पत्रावळ घेऊन, एका ओळखीच्या वडिलांना म्हणालो, "तुमचा पोरगा छान किक मारतो. आमच्या शाळेत असता तर मी दोन वर्षांत त्याला पन्नास यार्डावरून मारायला शिकवलं असतं." प्रेमाने म्हणालो, मराठी माणसाशी बोलावं तसं. त्यांनी ते घरी सांगितलं, मुलाने त्याच्या कोचला सांगितलं, आणि आठवड्याभरात आमच्या ॲथलेटिक डायरेक्टरनी मला आत बोलावलं. दुसऱ्या शाळेच्या खेळाडूला 'आमच्याकडे ये' म्हणणं म्हणजे रिक्रूटिंग, आणि शाळांसाठी तो गुन्हा आहे. माझ्यावर लेखी ताशेरा आला, प्रकरण तिथेच मिटलं. पण तुमच्या जुन्या कोचचा तुमच्या मुलाला 'वी मिस यू, बडी' असा साधा मेसेज असेल, तरी तो उद्या कुणीतरी स्क्रीनशॉट म्हणून टेबलावर ठेवील. मुलाचा फोन तपासा असं मी म्हणत नाही. त्याला हे समजावून सांगा एवढंच.

आता दुसरा प्रश्न, चेंडूचा. इथे मुलाची तक्रार खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. नवे कोच ज्या पद्धतीचे आहेत असं तुम्ही लिहिलंय, त्यात तीन जण मागून पळतात, चेंडू कुणाकडे आहे हे समोरच्याला कळू द्यायचं नाही, आणि पास अख्ख्या मॅचमध्ये सहा-सात. जुने कोच पस्तीस-चाळीस फेकायचे. रिसीव्हरसाठी हा फरक म्हणजे रोज भात खाणाऱ्याला एकादशी लागल्यासारखा. पण यात एक गंमत आहे, बाहेरच्यांना ती दिसत नाही. पळवणाऱ्या टीमविरुद्ध बचाव करणारे सगळे आत गोळा होतात आणि बाहेरच्या रिसीव्हरसमोर एकटा माणूस उरतो. सहा पास असले तरी त्यातले दोन मोकळ्या रानात असतात. कॉलेजच्या कोचना फिल्ममध्ये काय लागतं? एकास एक असताना हा सुटतो का, आणि पास नसतानाही हा ब्लॉक करतो का. जो रिसीव्हर ब्लॉक करत नाही त्याची फिल्म ते अर्ध्यात बंद करतात, हे मी त्यांच्या शेजारी बसून पाहिलंय.

आकडे ऐकून घ्या. हायस्कूल फुटबॉल खेळणाऱ्या शंभर पोरांतली साधारण सात कॉलेजमध्ये कुठल्या तरी पातळीवर खेळतात. वरच्या, म्हणजे पहिल्या डिव्हिजनमध्ये तीनच्या आसपास. २०१८ मध्ये कॉलेजवाल्यांचं ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, सुरू झालं आणि २०२१ मध्ये एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली. तेव्हापासून कॉलेजचे कोच अठरा वर्षांच्या नवख्यावर जागा खर्च करण्यापेक्षा एकवीस वर्षांचा, दोन हंगाम खेळलेला आयता माणूस घेणं पसंत करतात. हायस्कूलच्या पोरांसाठी दार अरुंद झालंय. आणि गंमत म्हणजे तेच पोर्टल बघून हायस्कूलच्या पोरांनाही वाटायला लागलंय, जमलं नाही की निघायचं. माझ्या पहिल्या दोन-तीन हंगामांत टीम सोडून जाणारं पोर विरळा असायचं. आता दर जानेवारीत वर्गाच्या मागच्या बाकांवर हीच कुजबुज.

कोल्हापूरला मी हे दुसऱ्या रूपात पाहिलंय. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, या तिथल्या फुटबॉलच्या टीम. एखादा खेळाडू एका तालमीतून दुसऱ्या तालमीत गेला की पेठेत महिनाभर चहाच्या टपरीवर दुसरा विषय नसायचा. जाणारा मोठा माणूस असे, त्याचं त्याने ठरवलेलं. दोन पेठांमधलं अंतर चालत दहा मिनिटं, घर तेच, आई तीच. तुमच्याकडे सोळा वर्षांच्या पोरासाठी चार माणसांचं बिऱ्हाड उठणार आहे.

कोच बदलतात तेव्हा आत काय होतं हेही सांगतो, म्हणजे मुलाची भीती थोडी मोजता येईल. इथे पब्लिक शाळेत कोच व्हायचं तर त्या स्कूल डिस्ट्रिक्टची पूर्णवेळ नोकरी लागते. म्हणून हेड कोच नव्या शाळेत गेले की सगळी फौज घेऊन जाऊ शकत नाहीत. तिथे इतिहासाच्या मास्तराची जागा रिकामी असेल तर इतिहास शिकवणारा कोच जातो. साधारण ऑफेन्स आणि डिफेन्सचे मुख्य दोघं-तिघं जातात, बाकीचे राहतात. मी गेलो तो गणिताची जागा होती म्हणून गेलो, यात माझी थोरवी काही नाही. हालचाल उन्हाळ्यापर्यंत चालते, कारण शाळा सुरू व्हायच्या ४५ दिवस आधीपर्यंत करार झालेला शिक्षक दंडाशिवाय राजीनामा देऊ शकतो. त्यामुळे मार्चमध्ये दिसणारा स्टाफ ऑगस्टमध्ये तोच असेल असं नाही. ना तुमच्या शाळेत, ना तिकडे. तुमच्या मुलाला रोज प्रत्यक्ष शिकवणारे रिसीव्हर कोच राहिले की गेले? हेड कोचपेक्षा मी हे आधी विचारलं असतं. तुम्ही लिहिलेलं नाही.

नव्या कोचचं पहिलं वर्ष दहावीतून अकरावीत जाणाऱ्या पोरासाठी वाईट असतंच असं नाही. जुन्या मर्जीतल्या सीनियरांचं पुण्य त्या दिवशी शून्य होतं, सगळी पाटी कोरी. आमच्याकडे एक पोरगा होता, रिसीव्हर म्हणून चौथ्या नंबरवर अडकलेला. नवे कोच आले, त्यांनी त्याला पंधरा दिवस वेट रूममध्ये बघितलं, आणि म्हणाले, याचे पाय मागे सरकताना जास्त चांगले चालतात. सेफ्टी केलं, म्हणजे बचावात सगळ्यात मागे उभा राहणारा. पोरगा आठवडाभर रडला, घरचे चिडले, जायच्या गोष्टी झाल्या. पुढे बारावीत तो टीमचा कॅप्टन होता. अशी उलटी उदाहरणंही आहेत, नव्या कोचने कधी बघितलंच नाही अशी. म्हणून तर वसंतातला सराव बघा म्हणतो.

मोठ्या शाळांमध्ये वसंतात फुटबॉलचा सराव असतो, शेवटी आपसात एक मॅच. तोपर्यंत काही ठरवू नका. त्या आधी मुलाने स्वतः कोचकडे जायचं. तुम्ही नाही. "माझ्या मुलाला खेळवाल का" या प्रश्नाला कुठलाही कोच पालकांना धड उत्तर देत नाही. बऱ्याच ठिकाणी तसा नियमच असतो, की मैदानावरच्या वेळेबद्दल पालकांशी बोलायचं नाही. मुलाने जायचं ते सकाळी, ॲथलेटिक पीरियडच्या आधी, दार वाजवून, आणि विचारायचं: "कोच, तुमच्या योजनेत बाहेरच्या रिसीव्हरचं काम काय, आणि मेपर्यंत मी काय सुधारू?" जे कोच यावर दोन मिनिटं फळ्यावर काढून दाखवतात त्यांच्याकडे थांबावं. जे 'मेहनत कर' म्हणून पाठीवर थाप मारतात त्यांच्याबद्दल तुमचा संशय खरा असू शकतो. आणि मुलगा ते दार वाजवायला तयार नसेल, तर तिकडच्या शाळेतही तो अनोळखी सत्तर पोरांत असाच कोपऱ्यात उभा राहील. जुने कोच तिकडे आहेत खरे, पण तिकडे त्यांना आधीपासूनचे रिसीव्हर आहेत. त्यांचे आई-वडील बूस्टर क्लबमध्ये, म्हणजे टीमसाठी पैसे जमवणाऱ्या पालकांच्या मंडळात, सॉसेज विकतात.

तुमच्या मुलाची हडलवरची (मॅचचे व्हिडिओ ठेवायची साइट) गेल्या हंगामाची फिल्म आहे ना? चार मॅच व्हर्सिटीच्या, बाकी ज्युनिअर व्हर्सिटीच्या. त्याच्या चांगल्या खेळ्या आत्ताच वेगळ्या काढून ठेवायला सांगा. कोच बदलले की जुनी खाती, जुनी पासवर्डं, कुणाला काही सापडत नाही.

अभ्यासाचं तुमच्या बायकोला विचारा, त्यांना बहुधा माझ्याआधी सुचलं असेल. टेक्सासमध्ये वर्गातल्या क्रमांकावर सरकारी युनिव्हर्सिटीत थेट प्रवेश मिळतो, १९९७ च्या कायद्याने. ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटीने त्यातली मर्यादा वरच्या ६ टक्क्यांवरून २०२६ च्या प्रवेशांपासून ५ टक्क्यांवर आणलीय. दोन स्कूल डिस्ट्रिक्ट एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, वर्गांना वेगवेगळं वजन देऊ शकतात, त्यामुळे इकडचे गुण तिकडे जाऊन क्रमांक वर-खाली होऊ शकतो. तिकडच्या काउन्सेलरला हे विचारायला अर्धा तास लागतो, आणि ते विचारण्याने कुठलाच नियम मोडत नाही. मुलगा वर्गात पहिल्या दहांत वगैरे असेल तर फुटबॉलआधी याचा हिशोब करा. फुटबॉलमध्ये तीन टक्के आणि इथे पाच टक्के, त्यातलं हातातलं कुठलं ते तुम्हाला त्याचं प्रगतिपुस्तक बघून कळेल.

मग मी काय केलं असतं? तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून, थांबलो असतो. मेपर्यंत नक्की, आणि बहुधा पुढेही. माझं मत कशाने बदलेल तेही सांगतो. वडिलांची नोकरी खरंच तिकडे हलली, धाकटीचीही शाळा बदलणार आहे, आत्ताचं घर विकायला काढलंय, आणि मुलगा म्हणतो एक वर्ष ज्युनिअर व्हर्सिटी खेळावी लागली तरी चालेल. असं असेल तर जा, आणि फॉर्मवर सगळं जसं आहे तसं लिहा, नाराजीसकट. लपवलेली नाराजी नंतर सापडली तर जास्त महागात पडते. शिवीगाळ, मारहाण, जातीवरून किंवा वंशावरून त्रास असं काही नव्या स्टाफकडून होत असेल, तर हा फुटबॉलचा प्रश्नच राहत नाही. मग आधी प्रिन्सिपलकडे लेखी तक्रार, बाकी मागाहून.

मित्रांचं राहिलं. मुलाला एकदा गाडीत, शेजारी बसून, रस्त्याकडे बघत विचारा की ते दोघं जाणार नसते तर तू गेला असतास का. घरात जेवणाच्या टेबलावर विचारू नका, तिथे तो वकील होतो. माझ्या दोन्ही मुलींनी खरी उत्तरं मला सेंट्रल एक्स्प्रेसवेच्या ट्रॅफिकमध्ये दिली आहेत.

आणि तुमच्या भाडेकरूला जूनच्या आधी काहीतरी कळवावं लागेल. त्याला आज वर्षाचा करार नाकारू नका. जमलं तर महिना-महिन्याच्या बोलीवर ऑगस्टपर्यंत राहायला सांगा. चांगला भाडेकरू असेल आणि तो पूर्ण वर्षच मागत असेल, तर मी सही करून टाकली असती.